महामाया हनमंते आणि अठ्ठावीस अंश

महामाया साहेबराव हनमंते हिने तीन वर्षं रोज सकाळी एक आरसा पुसला, आणि पुसताना रोज एका माणसाचं वाईट चिंतलं. आरसा तळहाताएवढा होता. नांदेडच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या काळोख्या खोलीत, एका लोखंडी नळीत तो बसवलेला होता. माणूस पलीकडच्या खोलीत बसायचा. डॉ. रेणुकादास औंढेकर, विभागप्रमुख. आरशावर डाग पडू द्यायचा नाही, याची तिला फार काळजी. सरांची फजिती त्या आरशातच होती आणि ती वेळ येईपर्यंत शाबूत राहायला हवी होती.

एरवी बघितलं तर साधी बाई. प्रयोगशाळा सहायक. वय चाळीसच्या पुढे. मुदखेडला आईजवळ राहायची, सकाळच्या गाडीने नांदेडला यायची, संध्याकाळी परत. एकदा भोकरचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलाकडचे म्हणाले, नोकरी सोडावी लागेल. तिने स्थळ सोडलं. वडील साहेबराव रेल्वेत गँगमन होते, ती बारावीत असताना गेले. आई सरजाबाईने त्याच्या आधी आणि नंतरही खडी फोडली. रुळांखाली काळी खडी असते ना, ती. सरजाबाई गाडीत बसली की खिडकीतून रुळांकडे बघून म्हणायची, "यातली अर्धी मी फोडलेली हाय." ते अर्धं नव्हतं, पण थोडंफार खरं होतं.

महामायाने एम.एस्सी. केलं तेव्हा वस्तीत तिचा सत्कार झाला. पुढे पीएच.डी.साठी तिने औंढेकर सरांकडे नाव नोंदवलं आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत हंगामी नोकरीही धरली. सर म्हणाले, आधी यंत्र उभं करू, मग तुमचं बघू. यंत्र उभं राहायला चार वर्षं लागली. तेवढ्यात नोंदणीची मुदत संपली. नोकरी कायम झाली, पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

यंत्र कशाचं, तर धूळ ओळखायचं. चंद्रावर हवा नाही, बुधावर नाही, लघुग्रहांवर नाही. हवेचं पांघरूण नसल्यामुळे तिथल्या दगडांवर बारीक उल्का थेट येऊन आदळतात. कोट्यवधी वर्षं असं कुटून कुटून तिथे पिठासारखी धूळ साचलेली आहे. ती धूळ चिमटीत धरायला तिथे कोण जाणार? पण तिच्यावर पडून परतलेला सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत येतो. साधा उजेड सगळ्या दिशांनी सारखा थरथरतो. धुळीवरून परतताना मात्र तो किंचित एका दिशेला झुकतो. शास्त्रज्ञ त्याला ध्रुवित झाला म्हणतात. उजेड येण्याची आणि आपल्याकडे परतण्याची दिशा यांच्यातला कोन लहान असला तर तो आडवा झुकतो, आकड्यात ते उणे धरतात, कोन वाढवत नेला की झुकणं कमी कमी होत एका ठिकाणी शून्य होतं आणि तिथून पुढे उभं झुकणं सुरू होतं. कण केवढे, काळे की गोरे, दाट की भुसभुशीत, यावर हे सगळं ठरतं. म्हणून इथल्या दगडाची धूळ करायची, तिच्यावर दिवा टाकायचा, परतलेला उजेड कोनाकोनाने मोजायचा, आणि दुर्बिणीने मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघायचा. चंद्राचे काळे डाग आणि आपला काळा बेसाल्ट यांची जात बरीच जवळची. मराठवाड्यात त्या दगडाला तोटा नाही.

दगड महामायाच आणायची. सर्वांत चांगला मिळाला तो लातूरकडच्या एका नव्या विहिरीतला, पंचेचाळीस फुटांवरचा. सरजाबाईने तो हातात घेऊन उलटसुलट केला. "ह्यो कडक हाय. काचेवानी फुटंल. हातमोजे घाल." महामायाने तो खलात घोटला, कापडासारख्या बारीक चाळण्यांतून चाळला, आणि चहाच्या गाळणीने हलक्या हाताने वाटीत भुरभुरवला. चमच्याने दाबून भरला तर आकडा बदलतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाटी भरण्याची ही रीत बसवायला तिला एक उन्हाळा लागला. मग खिडक्यांना काळा कपडा लावून ती भर दुपारी अंधारात बसायची. यंत्राचा फिरता हात एकेक अंश सरकवायचा, एकाच दिशेने थरथरणारा उजेड जाऊ देणारी पोलरॉइडची काच फिरवायची, आकडा लिहायचा. सहाशे बारा आकडे झाले. सगळे तिने विभागाच्या कंप्युटरवर चढवले.

औंढेकर सर कधी दारातून डोकावले तर म्हणायचे, "तुमच्या लोकांच्या हाताला कष्टाची सवय असते, हनमंते. हे आमच्याच्याने होत नाही." ते कौतुक होतं. ते कौतुक होतं म्हणूनच ती काही बोलायची नाही.

२०२२च्या जानेवारीत दिव्याचा बल्ब उडाला. तिने नळी काढली, नवा बल्ब बसवला, आणि परत लावताना नळी थोडी तिरकी बसली. आकडे वेगळे आले. तिला वाटलं, बल्बचा दोष. दुसरा घातला, तरी तेच. मग तिने नळी मुद्दामच फिरवली. दिवा नळीच्या खाली लटकायचा आणि आरसा त्याचा उजेड वळवून धुळीकडे पाठवायचा. तिने अख्खी नळी पाव फेरा फिरवून दिवा बाजूला आणला. अकरा अंशांना जिथे उणे एक पॉइंट नऊ टक्के यायचं, तिथे उणे शून्य पॉइंट पाच आलं.

ती स्टुलावरून उठली आणि परत बसली. धूळ तीच, कोन तोच. दिवा कुठल्या अंगाला आहे, हे धुळीला काय माहीत? म्हणजे मधला फरक धुळीचा नव्हताच. आरशावरून वळतानाच उजेड थोडासा आडवा झुकून येत होता, आणि ते झुकणं आपण धुळीच्या नावावर मांडत होतो. दोन्ही आकड्यांचा मध्य काढला की खरं ते उरत होतं: उणे एक पॉइंट दोन. झुकणं शून्य होण्याचा कोन, जो आजवर अठ्ठावीस अंश यायचा, तो खरा तेवीस होता. अगदी चंद्रासारखा.

हे आधी का कळलं नाही, याचंही उत्तर तिने शोधलं. यंत्राची तपासणी सर नेहमी पांढऱ्या भुकटीवर करायला लावायचे. पांढऱ्या भुकटीत उजेड कणाकणांतून इतका उड्या मारतो की आणलेलं झुकणं विसरून जातो. आकडा जवळपास शून्य येतो आणि यंत्र निर्दोष वाटतं. काळी धूळ तसं विसरत नाही. तिच्यावरून उजेड एकदाच उसळतो आणि सोबत आणलेला दोष तसाच परत घेऊन येतो.

तीन आठवडे खपून तिने नळीच्या दोन्ही स्थितींत नव्याने मोजणी केली आणि एका हिरव्या वहीत सगळं मांडलं. मग वही घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. तिला खरं तर आनंद झालेला होता. चूक सापडण्याचाही एक आनंद असतो.

सर फोनवर होते. त्यांनी हाताने बसा म्हटलं. टेबलावर एका परदेशी नियतकालिकातला छापील लेख पडलेला होता. वरती दोन नावं. मिहिर औंढेकर, म्हणजे सरांचा पुतण्या, वर्षभरापूर्वी पीएच.डी.ला आलेला, आणि खुद्द सर. महामायाने पान उलटलं. तक्ता तिसरा. आपल्या लेकरांना शाळेच्या रांगेत लांबून ओळखावं तसे तिने आकडे ओळखले. चौदा अंशांसमोरचा आकडा तर तिच्या शिंकेचा होता. वाटीतली धूळ हलली होती आणि तिने त्यापुढे शंकेची फुली केली होती. त्यांनी फुली काढून आकडा छापला होता. खाली शेवटी, बारीक अक्षरांत, तांत्रिक मदतीबद्दल 'श्रीमती महामाई' यांचे आभार.

सरांनी फोन ठेवला. तिने विचारलं, "सर, हे माझे आकडे आहेत ना?"

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "हनमंते, यंत्र कॉलेजचं. दगड मराठवाड्याचा. उजेड देवाचा. तुमचं काय त्यात?"

तिने लेख टेबलावर परत ठेवला.

"आभार मानलेत की. आणि मिहिरने यातून काय काढलंय बघा. अठ्ठावीस अंश! काळ्या बेसाल्टच्या बारीक धुळीची स्वतंत्र खूण. आजवर कुणाला दिसली नव्हती. आता दुर्बिणीवाले ती शोधत बसतील." सरांची नजर तिच्या हातातल्या वहीवर गेली. "अजून काही?"

वहीत तेवीस अंश होते. उघडून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. आपली वही आपल्याच बोटांनी मिटत चाललेली तिने बघितली.

"काही नाही सर," ती म्हणाली.

त्या दिवशी गाडीत तिला बसायला जागा मिळाली, तरी ती मुदखेडपर्यंत दारातच उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही. छातीत काहीतरी गार, जड, चांगलं वाटेल असं येऊन बसलं. घरी गेल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. सरजाबाईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता भांडणार का?"

"नाही. भांडले तर माझं कोण ऐकतंय? आकडे माझे म्हणून ओरडले तर म्हणतील, बाई जळून राहिली. चढू दे त्यांना, आई. जितके चढायचे तितके चढू दे."

आणि ते चढले. मिहिरला त्या अठ्ठावीस अंशांवर डॉक्टरेट मिळाली. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर मथळा आला, नांदेडच्या तरुणाने ओळखली लघुग्रहांची धूळ. शाल, श्रीफळ, हार झाले. सत्काराला महामायाही गेली, मागच्या रांगेत बसली आणि टाळ्या वाजवल्या, अगदी तळहात लाल होईपर्यंत. शेजारची क्लार्क बाई म्हणाली, "किती कौतुक तुम्हाला!" महामाया म्हणाली, "हो ना." मिहिर तसा दुष्ट नव्हता. काका देतील ते घ्यायचं, एवढंच तो शिकलेला. यंत्र त्याला लावता येत नसे. "हनमंते मॅडम, जरा बघता का?" म्हणून तो तिलाच हाक मारायचा आणि ती यंत्र अगदी पहिल्यासारखं, दोषासकट, लावून द्यायची. सकाळी आरसा पुसायचा, नळी जागेवर आहे ना बघायचं, दिवा खालच्या अंगाला. सगळं ठाकठीक. कधी कधी ती पुसता पुसता गुणगुणायची सुद्धा.

तिच्या या बेतात एकच गोष्ट धरलेली नव्हती. ती म्हणजे मनस्विनी.

मनस्विनी दुसऱ्या वर्षी आली. नांदेडच्याच एका शिक्षकांची मुलगी. पीएच.डी.चा विषय सरांनी दिला तो त्याच अठ्ठावीस अंशांचा, धूळ आणखी बारीक केली तर काय होतं याचा. पोरगी हुशार, आणि हुशारीपेक्षा प्रामाणिक. महामायाला ती ताई म्हणायची, डबा मध्ये ठेवून खायची, सरजाबाईने पाठवलेली तिळाची चटणी मागून घ्यायची. धूळ कशी भुरभुरवायची हे महामायाने तिला हाताला हात धरून शिकवलं. मनस्विनी पहिल्याच प्रयत्नात शिकली.

एके दुपारी काळा कपडा बाजूला करून मनस्विनी बराच वेळ नळीकडे बघत राहिली.

"ताई, एक विचारू? हा दिवा फिरवून बघितला तर? म्हणजे नळी नव्वद अंशांत. आकडा बदलायला नको खरं तर."

महामायाच्या हातात चाळणी होती. ती चाळणी हलवायची थांबली नाही.

"स्क्रू गंजलेत गं त्याचे. जोर लावला तर नळीच तुटायची. हात लावू नको."

"बरं," मनस्विनी म्हणाली, आणि वहीत काहीतरी खोडलं.

स्क्रूंना महामाया दर महिन्याला तेल द्यायची. त्या दिवशी सरजाबाईला तिने हे सांगितलं, कारण आईशिवाय सांगायला कुणी नव्हतं. सरजाबाई भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "त्या पोरीनं काय केलंय तुजं?"

"काही नाही."

"मंग तिला कामून?"

"तिला सांगितलं की ती सरांना सांगणार. सर गुपचूप दुरुस्त करून घेणार, सुधारित लेख छापणार, वर पुन्हा त्यांचंच नाव. मग मी काय करायचं?"

सरजाबाईने भाकरी तव्यावर टाकली. "मला तुमचं कॉलेज न्हाई कळत. पण पोरीला कामून, ते तू सांगितलं न्हाईस."

महामाया त्या दिवशी आईवर चिडली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण त्या विषयावर नाही.

तिसऱ्या वर्षी सरांना लातूरला संशोधन केंद्र मंजूर झालं. नवी इमारत, फरशीला अजून सिमेंटचा वास. उद्घाटनाला परिषद ठेवली, देशभरातून पन्नासेक माणसं बोलावली. त्यांत प्रा. राजश्री बिरादार होत्या. मूळच्या उदगीरच्या, आता दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत; दुर्बिणीतून लघुग्रहांच्या प्रकाशाचं ध्रुवण मोजणाऱ्या. सरांना त्यांच्याकडून चार चांगले शब्द हवे होते. म्हणून त्यांनी ठरवलं, भाषणानंतर यंत्र सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. आकडे मोठ्या पडद्यावर.

"हनमंते, तुम्ही चला लातूरला," सर म्हणाले. "मिहिरच्या हातून काही होईल न होईल."

महामायाला तीन वर्षं याच वाक्याची वाट होती. ते इतक्या सहज आलं की तिला क्षणभर खरं वाटेना.

यंत्र टेम्पोतून नेलं. नळी तिने गाडीत मांडीवर घेतली, चार तास. लातूरला पोचल्यावर तिने स्वतः सगळं जोडलं, वाटी भुरभुरवली, झाकली. सकाळी अकराला सभागृह भरलं. मिहिर बोलला, चित्रं दाखवली, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत राजश्री मॅडम कपाळाला आठी घालून बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"दोन वर्षं मी हे शोधतेय. पृथ्वीजवळून गेलेले पाच लघुग्रह बघितले. कुठेच अठ्ठावीस येत नाही. तेवीस, चोवीस, फार तर पंचवीस. तुमचं यंत्र मला बघायचंय."

"आत्ताच बघा की," सर उत्साहाने म्हणाले. "आमच्या बाई चालवतील. हनमंते, अकरा अंश."

दिवे मालवले. महामायाने फिरता हात अकरावर आणला. पडद्यावर आकडा स्थिरावला: उणे एक पॉइंट नऊ. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. सर दोन्ही हात पसरून राजश्री मॅडमकडे वळले.

तेवढ्यात महामायाने अंगठा आणि बोटाने नळीचे दोन्ही स्क्रू सैल केले. पाना लागला नाही. तेल दिलेले स्क्रू लोण्यासारखे फिरले. बाजूला, वही घेऊन उभ्या असलेल्या मनस्विनीने ते बघितलं. महामायाने नळी पाव फेरा फिरवली, दिवा बाजूला आला, स्क्रू आवळले.

पडद्यावरचा आकडा घसरत जाऊन थांबला: उणे शून्य पॉइंट पाच.

"हे काय केलंत?" सर म्हणाले.

"दिवा फिरवला सर. धूळ तीच आहे. कोन तोच आहे." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ निघाला. "परत पहिल्यासारखा करते." पडद्यावर एक पॉइंट नऊ. "परत फिरवते." शून्य पॉइंट पाच.

कुणीतरी मागून हसलं. राजश्री मॅडम उठून यंत्राजवळ आल्या, वाकून आरसा बघितला आणि म्हणाल्या, "अरे देवा. मध्य काढला तर एक पॉइंट दोन. हा तर चंद्र आहे. धुळीत नवीन काहीच नाही, हा दिवा आहे!"

सर खुर्चीचा आधार घेऊन उभे होते. मिहिर पडद्याकडे तोंड करून उभा राहिला, वळलाच नाही. महामायाने दोघांकडे पोटभर बघून घेतलं. घाई केली नाही. तीन वर्षांची भूक होती. पुढे कितीतरी दिवस, गाडीत किंवा भांडी घासताना, ती तो क्षण आठवून बघायची, आणि दर वेळी तो तितकाच गोड लागायचा. हे तिने कधी कुणापासून लपवलं नाही.

फक्त त्यात मनस्विनीचा चेहरा मध्ये यायचा. ती यंत्राकडे बघत नव्हती, सरांकडेही नाही. ती महामायाच्या बोटांकडे बघत होती.

जेवणाच्या सुट्टीत राजश्री मॅडमनी तिला व्हरांड्यात गाठलं. महामायाने हिरवी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्याच दहा पानं वाचली, पहिल्या पानावरची तारीख बघितली, आणि वर बघितलं.

"हे तुम्हाला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं?"

"हो."

"मी दोन वर्षं दुर्बीण लावून बसले. दुर्बिणीवरच्या रात्री मिळवायला किती अर्ज करावे लागतात माहितीये? माझा एक विद्यार्थी या आकड्यापायी विषय सोडून गेला."

"त्यांनी माझं काम चोरलं मॅडम."

"चोरलंच. दिसतंय मला." राजश्री मॅडमचा आवाज चढला. "त्यांनी तुमचं चोरलं, पण खोटं तुम्ही वाढवलंत. रोज. मी इथे कुणाची बाजू घेऊ, सांगा!"

माघार घ्यावी असं महामायाला वाटलं नाही. तिने वही परत मागून घेतली.

पुढे चौकशी समिती बसली. लेख मागे घेतला गेला. मिहिरची पदवी तपासायला गेली. तो लातूरलाच एका खासगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवू लागला, आणि म्हणतात की बरं शिकवतो. केंद्राचं प्रमुखपद सरांकडून काढलं. समितीसमोर सरांनी सांगितलं, ही बाई एकदा जरी आमच्याकडे येऊन बोलली असती तर आम्ही लगेच दुरुस्त केलं असतं. समितीने महामायाला विचारलं, खरं का? ती म्हणाली, "आले होते, वही घेऊनच. सरांनी विचारलं, अजून काही? मी म्हटलं, काही नाही. तेवढं खोटं मी बोलले. लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं. तिलाही कारणे दाखवा नोटीस मिळाली, शासकीय शब्दांत, यंत्रातील दोष हेतुपुरस्सर दडवल्याबद्दल. वेतनवाढ थांबली आणि संस्थेने तिची बदली कंधारच्या कॉलेजात केली. तिथे प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक गळका नळ.

मनस्विनीला दोन वर्षांचं काम टाकून द्यावं लागलं. तिने नवीन मार्गदर्शक घेतले. महामायाने तिला निरोप पाठवला की हिरवी वही घेऊन जा, सगळे आकडे दुहेरी आहेत, तुझा वेळ वाचेल. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "ताई, वही नको. मी पहिल्यापासून मोजते आहे. स्क्रू मीच सोडवते." एवढंच. शेवटी नमस्कार नाही, काही नाही.

कंधारला जाऊन चार महिने झाले तेव्हा राजश्री मॅडमचं पत्र आलं. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, असं पहिलंच वाक्य. दुसरं, पण आकडे खरे आहेत आणि ते छापायला हवेत, लिहा. महामायाने लिहिलं. इंग्रजी तीनदा परत आलं, तीनदा सुधारलं. सहा पानांचा छोटा लेख, यंत्रातल्या दिव्याच्या दोषाबद्दल आणि काळ्या धुळीच्या तेवीस अंशांबद्दल. लेखकाचं नाव एकच, आणि स्पेलिंग तिने चार वेळा तपासलं. आभारात सरजाबाई हनमंते, दगड पारखून दिल्याबद्दल. ते नाव काढा, असं संपादकांनी सुचवलं. तिने काढलं नाही.

लेखाची पहिली छापील प्रत तिने औंढेकर सरांना धाडली. सर आता निवृत्त होऊन नांदेडला घरी असतात. सोबत चिठ्ठी नाही. फक्त स्पीड पोस्ट, आणि वर पैसे भरून पोचपावती. नवव्या दिवशी पावती परत आली. खाली सरांची सही, पूर्ण नावानिशी. महामायाने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

सरजाबाईला हल्ली कमी दिसतं. तिने विचारलं, "काय हाय ते?"

"सरांची सही. मिळालं म्हणून."

"त्यांनी काई लिवलं का?"

"काय लिहिणार?"

सरजाबाई म्हणाली, "त्या पोरीलाबी धाडला का तू कागद?"

"धाडते," महामाया म्हणाली. पावती तिने पर्समध्ये ठेवली. तिथे आणखी एक पाकीट होतं, मनस्विनीचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं. महिनाभर ते तिच्याबरोबर मुदखेड ते कंधार जात-येत होतं, आणि त्याचे कोपरे मऊ झाले होते.